बासष्ट सालचं अंडं

हिस्केला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुणी आयुष्याबद्दल विचारायला यावं, म्हणजे येणाऱ्याला टिटव्यांमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या कुरणांत टिटवीचं पहिलं अंडं याच दिवसांत सापडतं, आणि ज्याला सापडतं त्याचं नाव गावच्या पाटीवर लागतं. यंदा ते अजून कुणालाच मिळालं नव्हतं.

पण म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपायला कॅमेरा घेऊन आलेली इल्से पडली शहरातली. तिला म्हातारी खिडकीशी शांत बसलेली हवी होती. शेजारी हिस्केचा थोरला भाऊ डाउवे साखरपाव चघळत बासष्ट सालची गोष्ट रंगवून सांगत होता: पहिलं अंडं कसं सापडलं, टोपीखाली ठेवून मेयरकडे कसं नेलं. खरं तर अंडं शोधलं होतं हिस्केनं, पंधराव्या वर्षी. पोरीच्या जातीनं मेयरपुढं कशाला मिरवायचं, म्हणून वडिलांनी ते डाउवेच्या टोपीत घातलं आणि पाटीवर नाव लागलं डाउवेचं. त्यानंतर त्रेसष्ट वर्षं ती दर मार्चला कुरणं तुडवत आली, पण पहिलं अंडं दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या नशिबी. आता गुडघ्यांनी हात टेकले होते. हा शेवटचा मार्च, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मागे वळून पाहताना काय दिसतं, आजी?" इल्सेनं विचारलं.

हिस्के खिडकीबाहेर पाहत होती. कालव्यापलीकडे एक टिटवी गवतातून उठली, मान खाली घालून चोरासारखी दहा पावलं चालली आणि मगच उडाली. घरट्यावरून उठणारीच अशी चालते.

"अंडं," हिस्के म्हणाली आणि दारामागची, कालव्यावरून उडी मारायची लांब काठी घेऊन निघालीसुद्धा.

"अगं बाई, हाडं गोळा करायला कोण येणार?" डाउवे मागून धापा टाकत ओरडला.

"तूच ये. माझं उचलून न्यायची तुला सवय आहे."

कालव्याच्या काठावरून तिनं काठी पाण्यात रोवली आणि अंग झोकून दिलं. कानात वारा भरला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची हिस्के पलीकडे आदळली. एक बूट अलीकडच्या चिखलातच रुतून राहिला. डोक्यावर नर किंचाळत झेपा घालत होता. टिटवी उडाली तिथून ती दहा पावलं उलटी मोजत गेली. खळग्यात, काळ्या ठिपक्यांचं, एकच. हल्ली अंडं उचलायचं नसतं, नुसतं गावच्या पक्षीमंडळाला कळवायचं असतं. तिनं खिसे चाचपले. फोन घरीच राहिला होता.

म्हणजे बातमी पुन्हा डाउवेच्याच तोंडून जाणार होती. तिनं पलीकडून हाक मारून सांगितलं. त्यानं पक्षीमंडळाला फोन लावला आणि जरा घुटमळला. मग त्यानं टोपी काढली.

"हिस्केला सापडलंय," तो म्हणाला, पाण्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि पाटीवरचं बासष्टचं माझं नाव खोडा. तेही तिचंच होतं."

इल्सेचा कॅमेरा चालूच होता. हिस्केला रडू फुटलं, त्यातच हसूही आलं.

"एवढं बोलायला त्रेसष्ट वर्षं लागली, मेल्या?" ती म्हणाली. "आता माझा बूट घेऊन ये. आणि पुलावरून ये, उडी मारू नकोस."