पिशवीसकट देवीपुढे

देवावर रुसण्याचं एक वय असतं म्हणतात. मी एकसष्टाव्या वर्षी गावदेवीवर रुसलो, तेही लहान पोरासारखा.

लघवीतून रक्त आलं तेव्हा उन्हाचा त्रास समजून मी चार दिवस कोकम सरबत पीत राहिलो. मग दुर्बिणीतून तपासणी झाली आणि मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. ‘सुरुवातीचाच आहे, पण जात वाईट आहे. मूत्राशय काढू आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी, म्हणजे बारीक गाठी, त्याही काढून तपासू,’ बेलापूरचे डॉक्टर म्हणाले. त्यातला ‘सुरुवातीचाच’ एवढाच शब्द उचलून मी घरभर मिरवलो. सुरुवातीचाच आहे तर एवढी कापाकापी कशाला, म्हणून डॉक्टरांशी भांडलोसुद्धा. शेवटी बायकोपुढे माझं काही चाललं नाही.

ऑपरेशन झालं. पोटाला उजवीकडे छोटंसं तोंड करून त्यावर पिशवी लावली. लघवी आता जन्मभर तिच्यातच जमणार. काही दिवसांनी रिपोर्ट आला. काढलेल्या गाठींपैकी एका गाठीत कॅन्सर पोचला होता. ‘गाठी काढल्या म्हणून वेळेवर कळलं. सुरुवातीच्या आजारातही काही जणांचं असं होतं. आता केमो घ्यावी लागेल,’ डॉक्टर शांतपणे म्हणाले. माझ्या मनानं मात्र एवढंच घेतलं, की देवीनं मला टाकलं. केमो घेणार नाही, असं मी सांगून टाकलं. ‘अवो, डाक्टर बोलतान ते आयका तरी,’ म्हणत ही रडली, मग तिनं अबोला धरला. मी ढिम्म.

आमच्या जासईच्या आसपास आज जिथे कंटेनर रचून ठेवतात, तिथे माझ्या लहानपणी मिठागरं होती. मिठानं आईच्या पायांना भेगा पडलेल्या असायच्या. जत्रेच्या दिवशी त्यांत तेल चोळून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती निघाली की तिच्याएवढं देखणं मला कुणी दिसायचं नाही. पालखीला पहिला खांदा वडिलांचा. त्यांच्यामागे तो मान माझ्याकडे आला आणि मी एकही वर्ष चुकवलं नाही. त्या चैत्रात मात्र पालखी दारावरून गेली आणि मी खोलीचं दार लावून बसलो. राग तर होताच, पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती. मुताची पिशवी पोटाला लावून देवीसमोर उभं तरी कसं राहायचं?

जत्रेनंतर दोन दिवसांनी, दुपारी देऊळ रिकामं असेल म्हणून गेलो. भांडायलाच गेलो होतो म्हणा ना. पण उंबऱ्यापाशी पाय अडले. बाहेरच्या ओट्यावर टेकलो आणि नेमकी तेव्हाच पिशवी गळली. लेंगा भिजला, ओटा भिजला, वास सुटला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती. आमच्या गावची नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, नळाची बादली भरून तिनं ओट्यावर ओतली आणि आपल्या बोचक्यातला पंचा माझ्या हातात दिला.

‘आत का नाय जात?’ तिनं विचारलं.

‘बघितलंस ना आये? असा कसा जाऊ? देवीला विटाळ होईल.’

ती हसली. ‘आयचे मांडीवर पोर मुतलं, त आय त्याला भायेर टाकते का रं? चल, उठ.’

पंचा कमरेला गुंडाळून आत गेलो. भांडायला आणलेला एकही शब्द आठवेना. आठवली ती आई. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी अंथरूण ओलं करायचो. भावंडं उठायच्या आत आई माझी गोधडी धुऊन मिठागराच्या बांधावर वाळत टाकायची. एकदाही रागावली नाही, कुणाला कळू दिलं नाही. शेवटपर्यंत ती गोष्ट आमच्या दोघांतच राहिली. देवीपुढे मी ढसाढसा रडलो.

बाहेर आलो तर म्हातारी नव्हती. ही म्हणते, ती देवीच. शेजारी म्हणतो, कुणाकडे पाहुणी आली असेल. मी वाद घालत नाही. माझ्यासाठी ती आली, एवढं मला पुरतं.

घरी येऊन हिला म्हटलं, ‘डाक्टरला फोन लाव.’ केमो झाली. उलट्या झाल्या, वजन उतरलं, निभावलं. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत आणि मीही आता विचारत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, देवीपुढे जायचं तर स्वच्छ, ताठ, मानानं. शरण जाण्यात लपवायचं काही उरत नाही, हे मला पिशवीनं शिकवलं. तपासणीची तारीख जवळ आली की भीती वाटतेच. मग देवळात जाऊन बसतो. फार काही मागत नाही. ‘आये, भिजलोय गं,’ एवढंच सांगतो.