आत्याच्या हातचं धनुष्य

माणसं कशाकशाची वाट बघतात, पण धनुष्याला लावलेला चिकट सरस वाळण्याची वाट बघण्यात माझ्या आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे. नव्वद सालानंतरची गोष्ट. शिवाजी पेठेत तालमीमागच्या बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत आत्या आणि आतोबा राहत, आणि मागच्या, चांगल्या खोलीत धनुष्य राही. धामणीचं लाकूड तासून झालं, की म्हशीच्या पायातल्या वाळक्या नसा कुटून आतोबा त्यांचे केसासारखे धागे काढत, कोमट सरसात भिजवून लाकडाच्या पाठीवर थरावर थर लावत आणि मग धनुष्य आढ्याला टांगून वर्षभर घरादाराला धारेवर धरत. फोडणी नाही, पंखा नाही. पाहुणा मोठ्यानं हसला तरी आतून हाक येई, "पावणं, दमानं! त्ये वाळाय लागलंय."

हसायची हौस तशीही फार टिकत नसे. नसा वाळताना आकसतात, आणि कोणी हात न लावता धनुष्य हळूहळू उलट्या बाजूला वाकत जातं. भर दुपारी घर गप्प असताना ते कण्हायचं. हो, कण्हायचंच, दुसरा शब्द मला सापडत नाही. गल्लीतली कुत्री दारात येऊन बसत, भुंकत नसत, नुसती आढ्याकडे बघत. माझ्या बहिणीला बघायला शाहूपुरीतली मंडळी आत्याकडे आली होती. मुलाचे वडील पोह्यांचा घास घेणार, तोच मागून लांबलचक कण्हणं आलं.

"आजारी हाय का कोण?"

"न्हाई, म्हस हाय," आतोबा शांतपणे म्हणाले. "पाय आवळून घ्यायलीय."

ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही.

आतोबांच्या तळव्यांना घाम फार, आणि घामाच्या मिठानं सरस धरत नाही, म्हणून शेवटचा थर आत्यानंच बसवायचा असे. साध्या पाण्यानं ओल्या केलेल्या तळव्यानं धागे एका दिशेला निजवत ती म्हणायची, "पोरं वाढवताना एवढं जपलं न्हाई मी." दसऱ्याला पहिला बाण सोडायला तालमीच्या वस्तादांनी एक धनुष्य मागितलं होतं. त्यावरून तिनं थंडीत असाच हात फिरवला आणि उन्हाळा लागायच्या आत ती गेली.

दसरा आला, गेला. पुढचाही गेला. वस्तादांना आतोबा एकच सांगत, "ओलं हाय अजून." खरी भीती त्यांनी मला एकट्याला सांगितली. "दोर चढवला आन् मोडलं तर? तिचा हात हाय रं त्यात." पण वस्तादांना शब्द दिलेला. शेवटी मे महिन्यात वैतागून वस्ताद मला म्हणाले, "तू बघून सांग. तू म्हणशील ते खरं."

वरचे पत्रे नुसते भाजत होते. आतोबांनी धनुष्य खाली काढलं. सरसातली ओल बोटांना कळत नाही, गालाला गार लागते. "लाव," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी गाल टेकवला. ते गार होतं. नुकतीच भांडी विसळून आलेल्या बाईनं गालाला हात लावावा, तसं गार. अंगावर सर्रकन काटा आला; तरी गाल काढावासा मात्र वाटला नाही.

बाहेर वस्ताद थांबले होते. "काय रं?"

"ओलं हाय, वस्ताद," मी म्हणालो. "अजून लई दिवस लागतील."

आत आतोबा धनुष्य पुन्हा टांगत होते आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी दार ओढून घेतलं.