टीव्ही बंद, संशोधन चालू

आमच्या घरातला टीव्ही महिनाभर बंद होता, असं माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे प्रकरण मी फार मनापासून लिहिलं होतं. (आधीची दोन जीपमध्ये लिहिली. त्यातलं अक्षर आता माझं मलाही लागत नाही.) मी राहते माजलगावात आणि तलवाड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. म्हणजे सकाळी डबे, मग जीप, मग तास, मग परत जीप, आणि हंगाम सुरू झाला की जीपच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या. एवढ्यानं दमायला होत नव्हतं म्हणून की काय, मी पीएच.डी.ला नाव घातलं! विषय घेतला, 'दूरचित्रवाणीचा बालकांच्या वर्तनावर होणारा परिणाम'. तेव्हा मला बालकं नव्हती. पुढे बालकं दोन झाली, जाडजूड दूरचित्रवाणी चपटी होऊन भिंतीवर चढली, परिणाम तेवढा सापडायचा राहिला.

एक दिवस गाईड मॅडमचा विद्यापीठातून फोन आला.

"सुनंदा, पुस्तकांतून किती उतरवणार आहात? प्रत्यक्ष निरीक्षण कुठंय? टीव्ही बघणारी मुलं बघा, टीव्ही न बघणारी बघा, फरक लिहा. आणि आता मुदतवाढ मिळणार नाही. झालं तर झालं, नाहीतर नोंदणी रद्द."

टीव्ही बघणारी मुलं ढिगानं मिळाली. न बघणारी मिळेनात. मग मी गल्लीतल्या आयांना विनवलं, की संशोधनासाठी फक्त एक महिना टीव्ही बंद ठेवा. त्यातल्या एकीनं पदर खोचून सांगितलं, "मॅडम, पाह्यजे तर पोरं घिऊन जा. टीव्ही न्हाई बंद होणार."

राहता राहिलं आमचंच घर.

घरात माणसं सहा. मी, आमचे हे, दोन मुलं आणि सासू-सासरे. हे साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर असतात, आणि हंगामात त्यांची पाळी कधी सुरू होते नि कधी संपते ते त्यांनाही सांगता येत नाही. ईश्वरी चौथीत, समर्थ पहिलीत, दोघांची शाळा सकाळची. माझे सासरे, म्हणजे मामा, कानानं कमी. ते बातम्या लावतात तेव्हा त्या बसस्टँडवर ऐकू जातात. आणि सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांची एक मालिका आहे. त्या मालिकेच्या वेळेत घरात कुणाला साप चावला तरी त्यानं जाहिराती लागेपर्यंत थांबावं, अशी पद्धत.

मी सगळ्यांना बसवून विषय काढला.

"टीव्ही? बंद?" मामांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा ऐकू आलं म्हणून.

"फक्त महिनाभर, मामा. माझ्या पीएच.डी.साठी."

मग मामा ताठ बसले. "सूनबाई डॉक्टर होणार आसंल, तर टीव्ही काय, मी बिडी सोडीन!" (बिडी त्यांनी माझ्या लग्नाआधीच सोडली होती. पण भावना महत्त्वाची.)

आत्याबाईंनी एक उसासा टाकला आणि कपाटातून स्वतःच जुनी सोलापुरी चादर काढून दिली. ती मी टीव्हीवर टाकली. समर्थनं टीव्हीला टाटा केला. त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही.

पहिले काही दिवस भयंकर गेले. समर्थ फरशीवर आडवा पडून भिंतीला लाथा मारायचा. आत्याबाईंचं डोकं धरायचं. मामा चादरीपुढं खुर्ची टाकून चादरच बघत बसायचे. मी थकून घरी यायची, सगळ्यांची समजूत काढायची आणि तव्यावर पोळ्या टाकाव्यात तशी वहीत निरीक्षणं टाकायची.

आणि मग अचानक चमत्कार झाला!

मुलं शांत झाली. आत्याबाई गुणगुणायला लागल्या. समर्थ दुपारभर फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडे टक लावून बघायला लागला. मी लिहिलं, 'एकाग्रतेत लक्षणीय वाढ.' ईश्वरी मी आले की पुस्तक उघडून बसलेलीच असायची. मी लिहिलं, 'वाचनाची ओढ.' आजी-आजोबा आणि नातवंडं कोपऱ्यात डोकी जुळवून कुजबुजत बसायची. लिहिलं, 'दोन पिढ्यांतील संवाद वाढला.' मामांना तर बाहेरची हाक आत ऐकू यायला लागली! हा परिणाम कुठल्या रकान्यात टाकावा तेच मला कळेना.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. दिवसभर खडू खाऊन, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, ट्रॉलीमागे रखडून मी गल्लीच्या तोंडाशी आले, की समर्थ कट्ट्यावरून उडी मारून जीव तोडून ओरडायचा, "आई आली! आईऽऽ आली!" आधी कधी कुणी माझ्यासाठी असं ओरडलं नव्हतं. माझे पाय तिथंच हलके व्हायचे. हे मात्र मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं ते नव्हतंच.

एकदा जेवताना आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मेघनाला दिवस गेलेत."

"कोण मेघना?"

आत्याबाईंना एकदम ठसका लागला. "हाय एक. मागल्या गल्लीत. तू वळखत न्हाईस."

मला बरं वाटलं. टीव्ही बंद झाला म्हणून आत्याबाई शेजारपाजारच्या सुखदुःखात रस घेऊ लागल्या! (हेही लिहिलं.) पुढे मी मुद्दाम चौकशी करायची.

"मेघना बरी आहे ना?"

"कशाची बरी! थोरल्या जावंनं जिन्यावर तेल वतलं."

माझा घास हातात राहिला. "तेल? मुद्दाम? अहो, मग पोलिसांत द्या की तिला!"

"पोलिस बी त्याहीचाच हाय," मामा न राहवून म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते ताटातली भाकरी उचलून अंगणात गेले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. रविवारी, अंगात त्राण नसताना, मी त्या पोरीसाठी डिंकाचे लाडू केले. आत्याबाईंनी डबा मुकाट्यानं नेला आणि रिकामा परत आणला. "आवडले का तिला?" मी विचारलं. "लई," आत्याबाई म्हणाल्या. मामांनी मिशा पुसल्या.

महिना सरत आला तसं मी प्रकरण पाठवून दिलं, आणि अशात गाईड मॅडम आल्या. बीडला काही काम होतं, तिथून वाट वाकडी करून त्या पांढऱ्या गाडीतून थेट तलवाड्याला कॉलेजात उतरल्या. "तुमचं तिसरं प्रकरण वाचलं. इतके चांगले परिणाम मी आजवर कुठंच बघितले नाहीत. चला, घर दाखवा."

म्हणजे मी भरदुपारी, गाडीत बसून, ट्रॉलीत न अडकता घरी निघाले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

फाटकापाशी गाडी थांबली. समर्थ कट्ट्यावरच होता, पण तो जीप येते त्या दिशेनं बघत होता. मी गाडीतून पाय खाली टाकला तसा तो दचकला आणि किंचाळला, "आई आली! गाडीतून आली!" त्या आवाजात माझ्याविषयी तक्रार होती, असं मला उगाच वाटलं.

आत भांडी पडल्याचा, खुर्ची सरकल्याचा, धावपळीचा आवाज. आम्ही शिरलो तेव्हा मात्र सगळं चित्रासारखं. वीज नुकतीच गेलेली. मामा पंख्याखाली घाम पुसत, आत्याबाई तांदूळ निवडत, ईश्वरी पुस्तकात. टीव्हीवर चादर. चादर उलटी होती, पण घाईत कोण बघतं?

मॅडम खुर्चीवर बसल्या. "आजोबा, टीव्हीशिवाय करमतं का?"

"टीव्ही?" मामा भिंतीकडे पाठ करून म्हणाले. "आमी तर इसरूनच गेलतो बघा, घरात टीव्ही हाय म्हणून!"

"डोळ्याला लई गार वाटतंया," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि तू काय करतेस गं दुपारी?"

"मी ना, आजीकडून गोष्टी ऐकते," ईश्वरी एका दमात म्हणाली. शाळेतलं भाषण म्हणावं तसं.

मॅडमनी माझा हात दाबला. "सुनंदा, हे प्रकरण तुम्हाला तारणार!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत कुणी 'तारणार' म्हणालं नव्हतं. मी सांगायला लागले, "मॅडम, या घरात टीव्ही लावायचा नाही हे एकदा सांगितलं, आणि कुणी एका शब्दानं..."

आणि वीज आली.

पंखा हळूहळू फिरायला लागला. उकाड्यात पंखा फिरला की माणसांना आनंद होतो. आमच्या घरातल्या चार माणसांचे चेहरे मात्र एकदम उतरले. टीव्हीच्या छत्रीचा (म्हणजे डिशचा) डबा सुरू व्हायला जरा वेळ घेतो. तेवढ्यात आत्याबाईंना खोकला सुरू झाला, मामा उठून चादरीला पाठ लावून उभे राहिले, आणि समर्थ दारातून ओरडला, "आजोबा, बटन!"

मामांच्या पाठीमागून एक बाई बसस्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली, "या घरात माझ्या नकळत काहीही होऊ शकत नाही!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं.

"शेजारचा हाय," मामा म्हणाले.

चादर लाल, निळी, हिरवी होत होती. मग चादरीतूनच एक पुरुष हुंदका देत बोलला, "मेघना! तू जिवंत आहेस?"

"मेघना?" मी किंचाळलेच. "मेघना?! अहो, माझे डिंकाचे लाडू!"

ईश्वरीला रडू फुटलं. आणि रडता रडता तिनं सगळं सांगून टाकलं. समर्थनं कट्ट्यावर बसून जीपवर लक्ष ठेवायचं. जीप दिसली की ओरडायचं. आजोबांनी बटन बंद करायचं, आजीनं चादर टाकायची, हिनं पुस्तक उघडायचं. "आजोबाला कमी ऐकू येतं ना, म्हणून समर्थला लई जोरात ओरडावं लागायचं."

टीव्हीचं राहू द्या. महिनाभर मी ज्या हाकेच्या जोरावर घरात शिरत होते, ती हाक माझ्यासाठी नव्हतीच. ती मामांसाठी होती!

"कावून केलं असं, आत्याबाई?" माझ्या तोंडून चक्क त्यांचीच भाषा आली.

आत्याबाईंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. "तुला न्हाई म्हणवंना गं. किती राबतीस, दिसत न्हाई व्हय आमाला? आन टीव्ही बघितल्याबिगर बी ऱ्हावंना. मग दोन्ही केलं."

मी खाली मान घालून नोंदणी रद्द झाल्याचं ऐकायची तयारी केली.

मॅडम उठल्या. चष्मा लावला. टीव्हीवरची चादर स्वतः ओढून काढली आणि म्हणाल्या, "आजोबा, जरा सरका. ही थोरली जाऊ तुरुंगातून कधी सुटली?"

"परवा!" आत्याबाईंचा चेहरा उजळला. "जामिनावर. तुमी बघता व्हय?"

"रोज. गेला आठवडा परीक्षेच्या कामात चुकला हो. मग मेघना कुठं होती इतके दिवस?"

"बसा, बसा, सांगते ना!"

खुर्च्या सरकल्या. समर्थ कट्ट्यावरून कायमचा मोकळा होऊन मॅडमच्या शेजारी येऊन बसला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि पाचही जण मला हातानं खुणावत होते, की बाजूला हो, दिसत नाही!

जाताना मॅडम गाडीत बसल्या आणि काच खाली केली. "शिफारस करते मी, मिळेल एक मुदतवाढ. आणि ते तिसरं प्रकरण फाडू नका. निरीक्षणं उत्तम आहेत. एकाग्रता, वाचन, आजी-आजोबांशी संवाद, सगळं खरं आहे. फक्त शीर्षकात 'टीव्ही न बघणारी मुले' असं आहे ना, त्यातला 'न' काढा."

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. मी रागारागानं सगळं सांगितलं. "तुम्हाला ह्यातलं काही माहीत होतं?"

"मला?" हे बूट काढत म्हणाले. "मी कशाला त्यात पडतो? मी आपला दुपारी घरी आसलो की फक्त मॅच बघायचो."

मुदतवाढ मिळाली आहे. काम चालू आहे, म्हणजे मी दमते आहे. मामांच्या मनातला अभिमान मात्र तसूभरही कमी झालेला नाही. पारावर ते भेटेल त्याला सांगतात, "आमची सून टीव्हीची डॉक्टर होणार हाय!" परवा मी जीपमधून उतरले, तर आमच्या दारात एक अनोळखी बाई मांडीवर टीव्ही घेऊन बसलेल्या. "मॅडम, लई दिवस झाले, चित्र येईना. तुमी टीव्हीच्या डॉक्टर ना?" नाही म्हणायलासुद्धा माझ्यात जीव नव्हता. मी पिशवी खांद्यावरून न उतरवता टीव्ही आत नेला, आमची वायर काढून त्याला लावली आणि मागची सैल पिन अंगठ्यानं दाबली. चित्र आलं! बाईंनी मला हात जोडले. इतक्या वर्षांच्या संशोधनात माझ्या हातून सिद्ध झालेली ही पहिलीच गोष्ट.