रावसाचा खवला

आमच्या वेसाव्याच्या घरात गाडी आली ती माणसांसाठी नाही, मासळीसाठी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोडीत निघालेली एक टॅक्सी होती, मागची सीट काढून तिथं पत्रा ठोकलेला. त्यावर बर्फात दाबलेल्या पाट्या ठेवायच्या, आरेच्या रस्त्यानं मुलुंड गाठायचं. गाडी दादा चालवायचा. आई आणि मी बाजारात बसायचो.

दादाला समुद्र मानवत नसे. होडी खाडीबाहेर पडली की हा ओकायला लागायचा. कोळ्याच्या पोरानं ओकायचं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. बायकासुद्धा त्याला लिंबू दाखवून चिडवायच्या. बाबा होडीचे मालक. त्यांनी नाराजीनंच कबूल केलं होतं की गाडी नीट चालली तर तो जमिनीवर राहील, नाहीतर होडीवर येईल. दादाचं सगळं आयुष्य त्या गाडीवर टांगलेलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगते, म्हणजे नंतर स्वतःला माफ करायला मला जागा राहणार नाही.

मे महिन्यात एका सकाळी आई तापानं घरी होती. आम्ही दोघंच निघालो. आरेच्या चढावर गाडी तापली आणि बॉनेटखालून वाफ निघायला लागली. दादानं गाडी झाडाखाली घेतली, डबा उचलला आणि तबेल्याकडं पाणी आणायला गेला. जाताना मला बजावून गेला, "हात लावू नको. निवू दे तिला."

मी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी. मागं बर्फ वितळत होता, मुलुंडची ठरलेली गिऱ्हाइकं दुसरीकडं वळणार होती. आमच्या घरी काहीही तापलं, नासायला लागलं, की एकच औषध: बर्फ. मी पाट्यांखालच्या पत्र्याच्या ट्रेमधलं बर्फाचं पाणी तांब्यात घेतलं. वाफ ओसरल्यावर फडक्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि ते गार पाणी भडाभडा ओतलं. आत कुठंतरी टक् असा आवाज झाला. नारळ दगडावर टेकवल्यासारखा, मोठा नाही. मी झाकण लावलं आणि झाडाखाली जाऊन बसले. दादा आला, त्यानं हात लावलास का विचारलं, मी नाही म्हटलं.

गाडी टोचन करून अंधेरीच्या गॅरेजमध्ये आणली. बाबाही आले. म्हातारा मिस्त्री होता. त्यानं इंजिन उघडून ब्लॉकवरची केसासारखी चीर दाखवली. मग तो आम्हाला दोन वाटा सांगायला लागला. चिरेवर भोकं पाडून, पिना ठोकून बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, शिवता येतं. किंवा कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा ब्लॉक आणून बसवायचा. शिवलेला ब्लॉक सांभाळून चालवला तर पुष्कळ टिकतो, म्हणाला, पण चालवणारा धीराचा पाहिजे. गाडी तापली की थांबणारा.

"म्हणून विचारतो," तो म्हणाला. "गरम इंजिनात गार पाणी कोणी टाकलं?"

आणि त्यानं रेडिएटरच्या तोंडाशी चिकटलेला खवला नखानं उचलून तळहातावर ठेवला. रावसाचा.

दादानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. तो पाणी आणायला गेला होता, गाडीपाशी मी एकटी होते, त्याला सगळं तिथंच कळलं. आमच्या होडीवर एक रीत आहे: चूक ज्याच्या हातून झाली त्यानं सगळ्यांसमोर सांगायची. न सांगणाऱ्याबरोबर कोणी समुद्रात जात नाही. लहानपणापासून ऐकलेली रीत. मी मूग गिळून बसले. बाबा माझं बाजारात जाणं बंद करतील, एवढीच भीती होती. एवढीशी.

"पानी मीच टाकलं," दादा म्हणाला. "घाई झाली मना."

बाबांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग मिस्त्रीला म्हणाले की ब्लॉक शिवून द्या, आम्ही गाडी विकून टाकतो. दादा म्हणाला, दुसरा ब्लॉक घालू, मी नीट चालवीन. बाबा रागावलेसुद्धा नाहीत. अशा हाताला शिवलेलं पुरणार नाही आणि नवं शोभणार नाही, असं म्हणाले.

दादा त्या नारळी पौर्णिमेपासून होडीवर गेला. पहिलं वर्ष ओकत होता, मग ओकायचा थांबला. गाणं मात्र, गाडी चालवताना म्हणायचा ते, पुन्हा ऐकलं नाही. गाडी नसल्यानं माझं मुलुंडही सुटलंच. पुढं तीनचार वर्षांनी मरोळला तीच गाडी दिसली, डाव्या दारावरच्या पोच्यावरून ओळखली. कोणीतरी भाजी वाहत होता. तो शिवलेला ब्लॉक धडधाकट चालत होता. मी रस्त्यातच रडले.

बाबा गेले त्या वर्षी, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, मी माहेरी होते. दादाच्या पोरानं टेम्पो घ्यायचा म्हटलं. बाबा खाटेवरून म्हणाले, तुझ्या बापानं घाईनं गाडी फोडली होती, तू तसं करू नको. दादा जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी तिथंच बसले होते. रावस साफ करत होते, हाताला खवले चिकटलेले होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.