एक शिंग लाल, एक हिरवं
त्या दुष्काळात आमच्या सोसायटीच्या चेअरमननं आष्टीकडं तीन चारा छावण्या घेतल्या होत्या. जनावरं थोडी, कागदावर लई. तक्रार गेली आणि चौकशीचे साहेब येणार म्हणून निरोप आला. चेअरमनचं फर्मान निघालं : साहेब एका छावणीवर चहाला बसले, की जनावरं टेम्पोत घालून पुढच्या छावणीवर न्यायची.

आमचा बैलही त्यात होता. माझं डोकंच फिरलं. पोळ्याचा उरलेला रंग काढून मी त्याचं एक शिंग लाल केलं, एक हिरवं.

साहेबांनी तो पहिल्या छावणीवर मोजला, दुसरीवरही मोजला. तिसरीवर मात्र थबकले.

"इकडं बैल असेच रंगवतात का?"

"न्हाई साहेब," मी पुढं होऊन म्हणालो. " ह्यो एकच हाय. सकाळपासून तुमच्यासंगंच फिरतोय."

साहेबांनी मान हलवत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, सापडला चेअरमन!

महिन्याभरानं चेअरमननं स्वतः चावडीवर अहवाल वाचून दाखवला : जनावरं बरोबर भरली. या भागात बैलाचं एक शिंग लाल व एक हिरवं रंगवण्याची जुनी प्रथा आहे.

पुढच्या पोळ्याला अख्ख्या गावानं शिंगं तशीच रंगवली. सरकार खोटं पडायला नको.