मुकुटचोर मामा

आता कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगतेच, कारण कामरगावात हा किस्सा माझ्याआधीच पोचलाय!

माझी भाची वैष्णवी. तिनं कामरगावचा मुलगा पसंत केला होता. मुलगा लहानपणापासून मामाकडे वाढलेला. आमच्याकडे सोयरिकीआधी आत्यानं घर बघून यायची रीत, म्हणजे होकार-नकार माझ्या हातात! वाटेत वाचायला वैष्णवीनं एक किशोरांची रहस्यकादंबरी दिली.

कारंज्याहून जीप धरली आणि पुस्तकात शिरले. त्यातही मामाकडे वाढलेला एक पोरगा, आणि देवळातला चांदीचा मुकुट चोरीला गेलेला. गोष्टीत भोकंच भोकं! एका पानावर बंद पडलेली बॅटरी पुढच्या पानावर लख्ख पेटते. पण माणसं? अहाहा! रागावली की ताटात जास्तच वाढणारी ती मामी तर मी घरीच घेऊन आले असते.

तेवढ्यात वैष्णवीचा फोन. "आत्या, कसं वाटून राह्यलं पुस्तक?"

जीपचा खडखडाट, म्हणून मी ओरडले, "पोरगा सोन्यासारखा हाय वं! मामी तं हिरा! पन मामा पक्का चोर! देवळातला मुकुट त्यानंच उचलला!"

"पूरं तं वाच!"

"कायले? चोर वळखनं माह्या डाव्या हातचा मळ हाय! फक्त एकच घोळ. चोरीच्या टायमाले मामा बाजारात दाखवला. लिहिनाऱ्याले डुलकी लागली, दुसरं काय?"

शेजारच्या टोपीवाल्या गृहस्थांनी पाय आखडून घेतले. ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, कुठं उतराचं?"

मी ऐटीत प्रल्हादरावांचं, म्हणजे मुलाच्या मामांचं नाव सांगितलं. सगळ्या जीपनं माझ्याकडे माना वळवल्या!

"मले बी तिथंच उतराचं हाय," टोपीवाले म्हणाले. "मीच प्रल्हादराव. मारोतीच्या देवळाचा पंच."

घरी चहा नाही, पाणी नाही. प्रल्हादराव सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, घ्या झडती. कोन्या खोलीत मुकुट पाहाचा हाय?"

वैष्णवीचं लग्न मी जीपमध्येच मोडलं की हो! पिशवीतून पुस्तक काढलं आणि सगळी गोष्ट सांगितली. मग मुलाच्या मामी अशा हसल्या, अशा हसल्या, की हसता हसता ठेवलेला चहा उतू गेला! पुस्तक प्रल्हादरावांनी ठेवून घेतलं, मी होकार ठेवून आले.

साखरपुड्याला भर मांडवात प्रल्हादराव माझ्यासमोर उभे. "बाई, चोर पुजारी निंगाला! मामा बाजारात होता म्हून तं तो देवळात नव्हता! तुमी शेवट वाचलाच नाही काय?"

"अन् त्या बॅटरीचं काय?" मी नेटानं विचारलं.

"बॅटरीचं मातर तुमचं खरं. पन त्यातली मामी लय झ्याक हाय बरं!"

मानपानात मला लुगडं मिळालं. घडीत तेच पुस्तक होतं. मी न वाचलेलं शेवटचं प्रकरण उघडून, त्याला हळदीकुंकू लावलेलं!