चष्म्याचा पत्ता

लाँड्रीवालीच्या हातून आजवर एकही कपडा हरवला नव्हता. प्रत्येक घराचा एक रंग ठरलेला. कॉलरच्या आत त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घालायचे, मगच कपडा पाण्यात टाकायचा. ढिगात हात घालून ती हव्या त्या घराचा शर्ट बाहेर काढी.

म्हणून एका गिऱ्हाइकानं ई-मेलची युक्ती सांगितली, तेव्हा तिला फार समजावावं लागलं नाही. पत्त्यात आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकायचं आणि त्यापुढे मनाला येईल तो शब्द. मेल येते आपल्याच पेटीत, पण कुणाला दिलेल्या पत्त्यावर आली ते दिसतं.

"म्हणजे दोराच की," ती म्हणाली आणि कामाला लागली. दातांच्या डॉक्टरांना 'दात' जोडून पत्ता दिला, चपलांच्या दुकानात 'चप्पल' जोडून.

थोड्याच दिवसांत 'चप्पल'वर टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिराती येऊ लागल्या. तिचे केस कमरेपर्यंत. ती तडक दुकानात गेली. "माझं डोकं कुणाला विकलंत?" मालक खोक्यांच्या मागे काहीतरी शोधायला गेला, तो ती जाईपर्यंत बाहेर आला नाही. घरी येऊन तिनं गाळणी लावली. त्या पत्त्यावर येईल ते थेट कचऱ्यात. तो दिवस फार मजेत गेला.

मग 'चष्मा'वर मेल यायला लागल्या.

तो पत्ता तिनं एकीलाच दिला होता. समोरच्या चष्मेवालीला, नव्या चष्म्याच्या हमीच्या कार्डावर घालायला. "हा घे चष्म्याचा पत्ता," म्हणून चिठ्ठी लिहून दिली होती. चष्मेवाली म्हणजे लग्नाआधीपासूनची मैत्रीण. दुपारचा चहा दोघींचा एकत्र. तिच्यासमोर पाकीट उघडं टाकून जावं, अशी. आणि तिच्याच दारातून येत होते घाऊक काचांचे भाव, फ्रेमांचे कॅटलॉग, कानाची यंत्रं.

विचारावं, तर ती हो म्हणाली म्हणजे? चपलावाल्याला तडक जाब विचारला, इथे समोरचा रस्ता ओलांडवेना. तिनं 'चष्मा'वरही गाळणी लावली आणि चहाला जाणं बंद केलं.

शेवटी चष्मेवालीच आली. हातात कोट होता. स्वच्छ, इस्त्री केलेला.

"याला काय झालंय?"

"काही नाही. यायला निमित्त हवं होतं. तुझी इस्त्री माझ्यावर का तापलीये?"

"काम आहे गं."

"असू दे. मलाही कुठे तोंड दाखवावंसं वाटत नाहीये. रेडिओवाल्यांनी बोलावलं नाही मला."

नभोनाट्यासाठी तिनं आवाजाची चाचणी दिली होती. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. डोळे तपासताना भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं ती अशी विचारी की गिऱ्हाइकाला शेवटच्या ओळीची धास्ती वाटे. आज तोच आवाज पार खाली गेला होता.

"कळवतो म्हणाले होते. तू दिलेला पत्ता दिला होता त्यांना."

इस्त्री हवेत थांबली. "मी दिलेला कुठला?"

"चष्म्याचा. माझ्या दुकानासाठी काढून दिलास तो. काचवाले, फ्रेमवाले, मी सगळ्यांना तोच देते."

"अगं बये, तो माझा पत्ता आहे."

"त्यात चष्मा लिहिलंय."

"आणि आलेल्या मेल वाचणार कुठे होतीस?"

"तू आणून देशील ना. रोज तर यायचीस चहाला. काहीच आणलं नाहीस, म्हटलं धंदा बसला आपला."

लाँड्रीवाली कपड्यांच्या गाठोड्यावरच बसली. "मला वाटलं, तू मला विकलंस."

"तुला घेणार कोण?"

दोघी हसल्या. हसता हसता लाँड्रीवाली ताडकन उठली. "थांब. मी सगळं कचऱ्यात टाकलंय."

तिनं फोन काढला. कचरा अजून रिकामा झाला नव्हता. कानाच्या यंत्रांच्या आणि फ्रेमांच्या मधोमध रेडिओची मेल अडकली होती. निवड झाली आहे. तालीम उद्या सकाळी दहाला. येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवावे, नाहीतर भूमिका दुसऱ्या कुणाला देण्यात येईल.

बाहेर उन्हं कलली होती. लाँड्रीवालीनं तिथंच उत्तर लिहिलं. येते. खाली मैत्रिणीचं नाव घातलं. 'चष्मा'वरची गाळणी काढली आणि तिथं येणाऱ्या मेलसाठी वेगळा कप्पा केला, चहाच्या वेळी वाचून दाखवायला.

"भूमिका कसली आहे?" चष्मेवालीनं विचारलं.

"भांडखोर शेजारणीची."

"मग अवघड काय त्यात?"

संवाद सोबत जोडलेले होते. चष्मेवाली रस्त्यात जाऊन उभी राहिली, लाँड्रीवाली दारात फोन धरून. "माझ्या पायरीवर पाणी सांडणारी तू कोण गं?" चष्मेवाली कडाडली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पँट घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक धावत मध्ये पडलं आणि दोघींना हात जोडू लागलं.

लाँड्रीवालीनं त्याच्या हातातली पँट काढून घेतली. "तुम्ही बाजूला व्हा, साहेब. तिला उद्या दहाला पोचायचंय, आणि अजून ती मनापासून भांडत नाहीये."